संत्र्याच्या जिल्ह्यात ‘क म्हणजे स्कर्व्ही’ एवढंच का शिकवायचं?



‘अ – रातांधळेपणा, ब – बेरीबेरी, क – स्कर्व्ही, ड – मुडदूस.’ हा तक्ता आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मुलांनाही पाठ आहे. ‘जोड्या लावा’ आलं की गुण हमखास. पण समजा, एखाद्या पोराने हात वर करून विचारलं, “मॅडम, संत्रं नाही खाल्लं तर हिरड्यातूनच रक्त काहून येते?” मग आपण काय सांगतो? बहुतेक वेळा “रोग होतो म्हणून” असं म्हणतो आणि पुढच्या ओळीला जातो.

माझं मत सरळ आहे. निदान नागपूर जिल्ह्यातल्या शाळेत तरी हा प्रश्न तक्त्यावर संपू नये. याचं उत्तर फार सुंदर आहे, पाचवीच्या मुलाला कळेल असं आहे, आणि ते कळलं तर आपल्या पालकांचे बरेच पैसेही वाचतील. कसे ते बघा.

प्रथिन म्हणजे घडी

प्रथिने शरीर बांधतात, हे आपण शिकवतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ, हेही वरच्या वर्गात येतं. पण नुसती माळ काही कामाची नसते. तिची ठरलेली घडी पडावी लागते. कागद तोच असतो, होडीची घडी घातली तर पाण्यावर तरंगतो, नाहीतर भिजून बुडतो. प्रथिनाचंही तसंच आहे.

अनेक प्रथिनांमध्ये ही घडी पक्की राहावी म्हणून आतून टाके घातलेले असतात. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लात गंधक असतं. दोन सिस्टीनमधली गंधकं एकमेकांना जोडली की टाका पडतो. हा टाका पडणं म्हणजे ऑक्सिडीकरण आणि तो उसवणं म्हणजे क्षपण. वरच्या वर्गात रासायनिक अभिक्रियांच्या पाठात हे शब्द येतात, तेव्हा ते गंजलेल्या खिळ्यापुरतेच राहतात. खरं तर आपल्या प्रत्येक पेशीत हे दोन्ही सतत चालू असतं.

105 पैकी एकच बरोबर

अमेरिकेतले शास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या प्रथिनावर प्रयोग केले. त्यासाठी त्यांना 1972 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रथिनात आठ सिस्टीन असतात, म्हणजे चार टाके. आता हे गणित वर्गात घ्या. आठ जणांच्या चार जोड्या किती प्रकारे लागतील? पहिल्यासाठी 7 जोडीदार, उरलेल्यांतल्या पहिल्यासाठी 5, मग 3, मग 1. म्हणजे 7 × 5 × 3 × 1 = 105. यातला एकच प्रकार बरोबर आहे, बाकी 104 चूक.

अनफिन्सन यांनी प्रथिनाची घडी मोडलेली ठेवून टाके पडू दिले, तेव्हा प्रथिनाचं काम जेमतेम एक टक्का चाललं. पण घडी मोडणारा पदार्थ काढून टाकला आणि टाके उसवणारं क्षपणकारक अगदी थोडं घातलं, तेव्हा काही तासांत चुकीचे टाके सुटले, बरोबरचे पडले आणि प्रथिन पुन्हा कामाला लागलं.

म्हणजे ऑक्सिडीकरण ही पेन्सिल आहे आणि क्षपण हा खोडरबर. नुसती पेन्सिल असेल तर चूक तशीच राहते, नुसता खोडरबर असेल तर वही कोरी. दोन्ही लागतात आणि योग्य प्रमाणात लागतात.

पेशीतली घड्या घालायची खोली

पेशीत यासाठी एक वेगळी जागाच आहे. आठवीच्या पुस्तकातली आंतर्द्रव्यजालिका ती हीच. पेशीच्या बाकीच्या द्रवात क्षपणाचा जोर असतो, तिथे असे टाके सहसा टिकत नाहीत. आंतर्द्रव्यजालिकेच्या आत मात्र मुद्दाम ऑक्सिडीकरणाला पोषक वातावरण ठेवलेलं असतं. टाके घालणारं आणि चुकलेले टाके बदलणारं एक मदतनीस प्रथिनही तिथे असतं. त्याचं नाव पीडीआय. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इन्सुलिनसुद्धा याच खोलीत घडतं. त्यात तीन टाके असतात. जन्मतःच जनुकात बिघाड असला आणि एखाद्या टाक्याचं सिस्टीनच गेलं, तर घडी बिघडलेलं इन्सुलिन साठत जातं आणि तान्ह्या बाळालाही मधुमेह होऊ शकतो.

बिघडलेल्या घड्यांचा ढीग वाढला की पेशी धोक्याची घंटा वाजवते. नवं काम कमी करते, मदतनीस वाढवते, बिघडलेला माल मोडीत काढते. तरीही नाही जमलं, तर ती पेशी स्वतःला संपवते. ही घंटा कशी वाजते हे जपानचे काझुतोशी मोरी आणि अमेरिकेतले पीटर वॉल्टर यांनी शोधलं. त्याबद्दल दोघांना 2014 साली लास्कर पुरस्कार मिळाला.

मग संत्रं कुठे आलं?

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. हिरड्या, कातडी, हाडं, रक्तवाहिन्यांच्या भिंती हे सगळं धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. तीन माळा वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. ही तिपेडी रचना 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. म्हणजे या गोष्टीत आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे, हे मुलांना जरूर सांगा.

ही वेणी पक्की राहण्यासाठी माळेतल्या प्रोलीन नावाच्या मण्यांवर ऑक्सिजनची एक छोटीशी गाठ बसवावी लागते. ते काम एक विकर आंतर्द्रव्यजालिकेतच करतं. गंमत म्हणजे या विकराचा एक भाग आपला मघाचा पीडीआयच आहे! या विकरात लोह असतं. काम करता करता ते लोह मधूनच ऑक्सिडीकरण होऊन निकामी होतं. त्याला परत कामाच्या रूपात कोण आणतं? ‘क’ जीवनसत्त्व.

‘क’ नसेल तर गाठी बसत नाहीत. गाठी नसलेली कोलॅजनची वेणी साधारण 24 अंश सेल्सिअसलाच उकलते. आपलं शरीर 37 अंशांवर असतं. म्हणजे वेणी टिकणारच नाही. असं कच्चं कोलॅजन पेशीतून नीट बाहेरही पडत नाही. शरीरात जुनं कोलॅजन झिजत असतं, नवं धड बनत नाही, म्हणून जिथे झीज आणि दुरुस्ती जास्त तिथे आधी खिंडार पडतं. हिरड्या सुजतात, रक्त येतं, जखमा भरत नाहीत. हे आहे त्या ‘काहून’चं उत्तर.

शेळी, कुत्रा, मांजर यांना स्कर्व्ही होत नाही, कारण ते ‘क’ स्वतःच्या शरीरात बनवतात. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. आपल्याला ते ताटातूनच मिळवावं लागतं. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश डॉक्टरने जहाजावरच्या 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. पुढे हंगेरीत अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी तिथल्या लाल मिरचीतून हे जीवनसत्त्व भरपूर वेगळं काढलं. त्यांना 1937 चं नोबेल मिळालं. संत्रं आणि मिरची! आपल्या जिल्ह्याला याहून जवळचं काय असणार?

‘अँटिऑक्सिडंट’चे डबे

इथे मला पालकांशी बोलायचं आहे. ‘अँटिऑक्सिडंट’, ‘इम्युनिटी’ असं मोठ्या अक्षरात छापलेले डबे आणि पुड्या आता खेड्यातल्या किराणा दुकानातही दिसतात. जाहिरातीचा सूर असा की ऑक्सिडीकरण म्हणजे शत्रू, त्याला जितकं मारावं तितकं चांगलं. मजुरी करणारी आई पोरासाठी असा डबा घेते, तेव्हा ती आठवड्याच्या भाजीतले पैसे त्यात घालते.

वर आपण काय पाहिलं? ऑक्सिडीकरण थांबलं तर इन्सुलिनचे टाकेच पडणार नाहीत. प्रयोगशाळेत आंतर्द्रव्यजालिकेवर मुद्दाम ताण आणायचा असेल तर शास्त्रज्ञ पेशींवर डीटीटी नावाचं तीव्र क्षपणकारक घालतात. घड्या लगेच बिघडतात. उलट बाजूने अति ऑक्सिडीकरण झालं तरीही बिघडतात. डब्यातली पावडर म्हणजे डीटीटी नव्हे, हे खरं. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा हिशेबच चूक आहे. फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1994 साली आले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला. तेच बीटा कॅरोटिन गाजरातून खाल्लं तर आपण काळजी करत नाही. फळ-भाजी वेगळी आणि डोस वेगळा.

आणि याची दुसरी बाजूही सांगते. संत्र्याने मधुमेह बरा होतो असं कोणी सांगत असेल तर तेही ऐकू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करायचं नाही.

मग शाळेत काय करायचं?

पहिलं, एक खेळ घ्या. आठ मुलांना बंद मुठीत चिठ्ठ्या द्या, चार फळांची नावं, प्रत्येकी दोनदा. पहिली फेरी: डोळे मिटून कोणाचाही हात धरायचा, सोडायचा नाही. सगळ्या जोड्या बरोबर लागणं जवळजवळ अशक्य. दुसरी फेरी: एक मुलगा ‘खोडरबर’, तो चिठ्ठ्या बघून चुकलेल्या जोडीलाच “सोडा” म्हणेल. थोड्या वेळात सगळ्या जोड्या लागतात. तिसरी फेरी: खोडरबर क्षणाक्षणाला सगळ्यांनाच “सोडा” म्हणेल. एकही जोडी टिकत नाही. आंतर्द्रव्यजालिका हा शब्दही न उच्चारता मुलांना समतोल कळतो.

दुसरं, पोषण आहार. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नाश पावतं. म्हणून लिंबू खिचडी शिजताना नको, ताटात वाढल्यावर पिळा. वरून ताजा सांबार (कोथिंबीर) टाका. डाळ-भाजीतलं लोह आतड्यात शोषलं जाण्यासाठीही हेच ‘क’ मदत करतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 6 ते 59 महिन्यांच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुलं पुढे आपल्या पहिलीत येतात. लिंबाची एक फोड याला पूर्ण उत्तर नाही, पण फुकटात सोडून द्यावी अशीही नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. हंगामात आठवड्यातून एक दिवस शाळेत संत्रं मिळावं. अंबियाचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही बहर शाळा चालू असतानाच येतात. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या शेतकऱ्याला भावाची चिंता आहे. बारीक फळाला तर बाजारात कोणी विचारत नाही. बारीक फळातही ‘क’ असतंच ना! 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा अंडी किंवा केळी देण्याचा निर्णय शासनाने घेतला होता, म्हणजे पूरक आहार ही कल्पना नवी नाही. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ त्याच मातीतल्या मुलांच्या ताटात नसावं, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, संत्र्यापेक्षा जांबात (पेरूत) ‘क’ जास्त असतं. अगदी खरं. 100 ग्रॅम जांबात ते 200 मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्यात साधारण 30 ते 50. आवळा आणि मुनग्याचा (शेवग्याचा) पालाही संत्र्याच्या पुढे आहेत. मग जांब द्या, आवळा द्या, शाळेच्या कुंपणाला मुनगा लावा. जे गावात पिकतं ते द्या. माझा हट्ट ताज्या फळाचा आहे, एकट्या संत्र्याचा नाही.

आणि कोणी म्हणेल, प्राथमिकच्या मुलांना हे झेपणार नाही. अवघड शब्द झेपणार नाहीत, ते मान्य. पण ‘काहून’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात, तो आपण शिकवलेला नसतो. तक्ता पाठ करून घेताना तो प्रश्न गप्प बसतो आणि मोठेपणी तेच मूल डब्यावर छापलेलं सगळं खरं मानतं. म्हणून जोड्या लावा जरूर शिकवा, पण जोडी का लागली तेही सांगा.

तुमच्या शाळेत कोणतं फळ सहज मिळतं आणि आहारात ते कसं आणता येईल, यावर पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नक्की बोला.