चोर सोडून बेल्टला फाशी

पावसाळा सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. अर्ध्याहून अधिक पत्रांत एकच रडगाणं: नवा बेल्ट टाकला, चार दिवस गप्प राहिला, पुन्हा चीं चीं सुरू. गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं आणि कंपनी वॉरंटीचा दावा फेटाळते.

आधी कंपनीचं पाहू. एका बेल्ट कंपनीचा दाव्याचा फॉर्म एका वाचकाने पाठवला आहे. त्यात आवाजाच्या तक्रारीला रकानाच नाही. रकाना आहे तो भेगांचा: तीन इंचांत किती भेगा दिसतात? हा हिशेब निओप्रीनच्या जमान्यातला. आजच्या ईपीडीएम बेल्टला सहसा भेगा पडत नाहीत. त्याच्या रिबांचं रबर झिजतं, तो पुलीच्या खाचांत खोल बसतो आणि घसरू लागतो. म्हणजे पार झिजलेला बेल्टही या फॉर्मवर धडधाकट! कडी म्हणजे शेवटची सूचना: 'बेल्ट स्वच्छ पुसून, कोरडा करून पाठवावा.' कूलंटचा ओघळ, ऑइलचा ओशटपणा हाच तर पुरावा, आणि तोच पुसून पाठवा म्हणे. मग टेबलावर आडवा पडलेला बेल्ट बघून साहेब शेरा मारतात, 'दोष आढळला नाही.' टेबलावर तो वाजेल कसा?

पण सगळं खापर कंपनीवर फोडून चालणार नाही. परवा एका गॅरेजात बसलो होतो. एक टॅक्सी आली, दोन महिन्यांतला तिसरा बेल्ट, तरी ओरडतेय. हेल्परने ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून कपडे धुण्याच्या साबणाची वडी काढली. वडीवर आधीच्या बेल्टांनी सहा रेघा कोरून ठेवल्या होत्या. 6पीकेची किती इंजिनं तिने गप्प केली असतील, देव जाणे. आवाज थांबला. मी म्हटलं, "मेस्त्री, जरा पट्टी लावून बघा." क्रँक पुलीवर स्टीलची पट्टी टेकवली, तर अल्टरनेटरची पुली तीन मिलिमीटर आत! अल्टरनेटर बाहेरून दुरुस्त करून आणलेला, पुलीमागचा वॉशर तिकडेच राहिलेला. दोन पुल्यांतलं अंतर जेमतेम शंभर मिलिमीटर, म्हणजे दीड अंशाहून जास्त वाकडेपणा. तिथे सोन्याचा बेल्ट घातला तरी ओरडणारच.

मेस्त्री ओशाळले, पण बोलले ते खरं: "साहेब, गिऱ्हाईक बेल्टचे पैसे देतं. पट्टी लावायचे देत नाही."

दुखणं इथे आहे. निदानाची मजुरी मागायला आपण लाजतो आणि सुट्या भागाच्या कमिशनवर भागवतो. वास्तविक लागतं काय? एक पट्टी आणि पाण्याची फवारा-बाटली. इंजिन आयडलवर ठेवून, हात-कपडे सांभाळून रिबांवर साधं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परतला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट घसरतोय, टेन्शनर बघा. काहीच फरक पडला नाही तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि आयडलर, टेन्शनर, अल्टरनेटर हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐका. पाच मिनिटांचं काम. तेवढं न करता बेल्ट बदलणाऱ्याला मेस्त्री कोण म्हणेल? तो दुकानदार.

तेव्हा या महिन्यापासून एवढं कराच. जॉबकार्डावर बेल्टच्या आधी तीन नोंदी लिहा: पाणी, पट्टी, टेन्शनर. बिलात तपासणीची मजुरी वेगळ्या ओळीत लावा आणि मागताना नजर खाली घालू नका. फेटाळलेल्या दाव्यांची पत्रं जॉबकार्डाच्या प्रतीसह आमच्याकडे पाठवा. नोंदी असतील तरच कंपन्यांशी भांडता येईल. नुसत्या तक्रारींना कोणी भीक घालत नाही.

बेल्टही पाठवा. फक्त पुसू नका. पुसायचंच असेल तर हात पुसा, ती साबणाची वडी त्यासाठीच आहे.