नाणं की नुसतं सोनं?

शिरूरला काय नि दौंडला काय, जुनं सोन्याचं नाणं दिसलं की पहिला प्रश्न : 'कॅरट किती?' आम्ही बँकवालेही त्यातलेच. अहो, वजन जरूर करा, पण ओळख पटवायला करा! ३.५ ग्रॅम भरलं तर व्हेनिसचा डुकाट, म्हणजे आजीच्या माळेतली पुतळी. कॉन्स्टंटाइनचा सॉलिडस ४.५ चा. ऑगस्टसचा ऑरियस ७.८ च्या आसपास, नीरोने इ.स. ६४ मध्ये तो ७.३ वर आणला (महागाई भत्ता न देता!). आणि 'ऑग' ही अक्षरं दिसली म्हणून लगेच ऑगस्टस म्हणू नका. ती पदवी पुढच्या साऱ्या सम्राटांनी लावली, कचेरीत सगळेच 'साहेब' असतात तशी. हे न वाचता नाणं मुशीत घालणाऱ्याला सोनं कळतं, बाकी काही नाही. शेतात सापडलं, तर १८७८ च्या कायद्याने १० रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. १० रुपये! यातून कुठला ऑरियस सुटतो, सांगा.