अंतराळवीराची होडी

जहाज बुडू लागले तर खलाशाला होडी असते. विमान पेटले तर वैमानिकाला हवाई छत्री असते. अंतराळात यान निकामी झाले तर माणसाने काय करावे? हा प्रश्न केवळ विज्ञानशाखेने सोडवावा असे मला वाटत नाही. तो माणसाच्या जिवाचा आहे.

१९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘मूस’ नावाची योजना मांडली. अंतराळवीराने प्लॅस्टिकच्या पिशवीत शिरायचे, तीत फेस भरायचा, छोट्या अग्निबाणाने वेग किंचित कमी करायचा आणि पाठीशी उष्णतारोधक ढाल घेऊन वातावरणात उतरायचे. शेवटी हवाई छत्री. ‘नासा’ने किंवा हवाई दलाने ती उचलली नाही. ऐकणाऱ्याला हसू येते; मला ती वेडगळ वाटत नाही.

पृथ्वीजवळच्या कक्षेत वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. त्यातील ऊर्जा इतकी, की दर किलो वजनामागे दहा किलो पाण्याची वाफ व्हावी! पण रुंद, बोथट ढालीपुढे हवाच दबून तापते आणि बरीचशी उष्णता बाजूने वाहून नेते. ढाल हलकी आणि रुंद असेल तर वेग उंचावरच्या विरळ हवेतच ओसरतो, दाह कमी होतो. म्हणूनच फुगवता येणारी ढाल मोलाची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नासा’ने ६ मीटर व्यासाची अशी ढाल कक्षेतून सुखरूप उतरवली. अर्थात तीत माणूस नव्हता.

शरीरावरचा भार मात्र ढाल रुंद केल्याने घटत नाही. तो वेगावर आणि उतरण्याच्या कोनावर ठरतो. एप्रिल २००८ मध्ये ‘सोयुझ’ यानातील तिघांनी स्वतःच्या वजनाच्या आठपट भार सोसला आणि ते जगले. खरी अडचण आहे ती एकट्या माणसाने अचूक कोन साधण्याची.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतताना फुटले. कल्पना चावलांसह सातजण गेले. यानाला इजा उड्डाणाच्या वेळीच झाली होती. अशा पिशव्या असत्या तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही; इजा किती गंभीर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. परंतु दुसरी वाटच नसली, तर संकट कळूनही काय उपयोग? माणूस वर पाठवण्याआधी त्याच्या परतीच्या दोन वाटा हव्यात. निसर्गनियम त्याच्या आड येत नाहीत. आड येते ती आपली ‘चालेल’ म्हणण्याची सवय.