भातकापणीआधीची फेरी

अंगणवाडीची कल्पना रुजली ती याच डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती १९४५ पासून आधी बोर्डीत, मग कोसबाडला राबवली. त्याच अंगणवाडीकडून आता आणखी एक अपेक्षा आहे: बाळाच्या हालचालींकडे लक्ष.

स्वमग्नता बहुधा बोलणं लांबलं की लक्षात येते. काही मुलांत मात्र खूण आधीच, हालचालींत दिसते. सहा महिन्यांच्या बाळाला हात धरून उठवताना मान मागे लोंबकळते. एवढ्यावरून निदान होत नाही, पण तपासणी व्हायलाच हवी. उलट, दहाव्या महिन्यात चालत नाही म्हणून घाबरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण आठ ते अठरा महिन्यांत केव्हाही चालू लागलेली दिसतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अशा तपासणीसाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावं, असा नियम आहे. पण दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आणि तान्हं मूल आईबरोबरच जातं. म्हणून एक फेरी भातकापणीआधी व्हावी, नोंदीची प्रत आईला मिळावी आणि दुसरी फेरी थेट भट्टीवर जावी.