उद्घाटनाआधी ॲप आमच्या हातात द्या

मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ आपल्या राज्यातले. आता वारशाच्या ॲपचं पीक येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून वेळेआधीच लिहितोय. मला दिसत नाही. फोन मी टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर चालवतो.

परवा असंच एक पर्यटनाचं ॲप उघडलं. बोट फिरवलं तर 'बटण', 'बटण', 'बटण'. कशाचं, ते नाही. बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिली नव्हती. मंदिराची माहिती होती, पण छापील पानाचा फोटो काढून डकवलेली, त्यामुळे तिथे आवाज गप्प. ध्वनिफीत तेवढी चालली. तिच्यात पहिलंच विशेषण 'नयनरम्य'! असो. ऐकू न येणाऱ्या माझ्या मित्राला तेही मिळालं नाही, कारण फितीतला मजकूर कुठे लिहिलेलाच नव्हता.

आमच्या परभणी जिल्ह्यातलं धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर घ्या. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रीमूर्ती, कोरल्या आहेत. डोळस माणूस ॲप न उघडताही त्या बघून येतो. शिल्पांना हात लावू नये, हा जतनाचा नियम मला मान्य आहे. पण मग माझ्या वाट्याला उरतं ते फक्त वर्णन. 'अप्रतिम कोरीवकाम' एवढ्यावर माझं भागत नाही. मूर्ती उभी कशी आहे, हात कुठे आहेत, हातात काय आहे, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर आहे की डोक्याच्या वर, ते सांगा. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर घरून निघण्याआधीच माहिती हवी: पायऱ्या किती, कठडा आहे का, गाडी कुठवर जाते. भाड्याची गाडी करून तिथं पोहोचल्यावर हे कळून काय उपयोग?

कचेरीत बसून हे सुचत नाही. तिथं फोन भारी, इंटरनेट वेगवान आणि तपासणारे सगळे धडधाकट. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात ई-केवायसीबाबत, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीबाबत, हेच बजावलं: ॲप घडवतानाच अंध व्यक्तींना चाचणीत घ्या. तो आदेश बँकांसारख्या संस्थांसाठी आहे, हे खरं. पण इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल असा करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ ने सरकारवरच टाकली आहे.

तेव्हा निविदेतच अट घाला. चाचणी अंध, कर्णबधिर आणि चाकाची खुर्ची वापरणारे लोक करतील. मराठीत, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर आणि प्रत्यक्ष वास्तूपाशी. सापडलेले दोष दुरुस्त झाल्याशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता सोडू नका.

आम्ही स्वयंसेवक म्हणून यायला तयार आहोत. मात्र आमचं आणि सोबत्याचं गाडीभाडं, शिवाय बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाची शाल-श्रीफळं राहिली तरी चालतील. पहिली चाचणी धारासूरलाच ठेवा. फक्त दिवस यात्रेचा किंवा सुट्टीचा नको, गर्दीत टॉकबॅक ऐकू येत नाही.

आपला,
एक अंध नागरिक
ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी