घाई न करणारा देश

युरोपच्या नकाशावर स्लोव्हेनिया शोधू लागले की बोट पुष्कळदा स्लोव्हाकियावर जाऊन टेकते. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या बेचक्यात वसलेला हा देश क्षेत्रफळाने २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा. आणि लोकसंख्येने अवघा एकवीस लाखांचा, म्हणजे त्याच जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. राजधानी ल्युब्लियाना तीन लाखांच्या आतली. पर्यटक तेथे दोन दिवस घालवितो. एकमेकांस खेटून उभे असलेले तीन पूल, टेकडीवरचा किल्ला आणि दुसऱ्या एका पुलाच्या चारी कोपऱ्यांवर बसलेले ड्रॅगन पाहतो आणि ब्लेडच्या सरोवराकडे निघून जातो. त्याचे काही चुकते असे नव्हे. परंतु तेथे दोन-चार महिने बिऱ्हाड करून राहणाऱ्याला, भाड्याचे घर शोधणाऱ्याला, कचेरीत आपल्या पत्त्याची नोंद करावयास जाणाऱ्याला आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी कामगारांबरोबर रांगेत उभे राहणाऱ्याला जो देश दिसतो तो निराळा असतो. समाजवादी चळवळीतील माणसाने अभ्यासावा असा देश हा दुसरा.

दीर्घ मुक्कामात पहिल्यांदा ध्यानात येते ती भाषेची प्रतिष्ठा. १९९१ पूर्वी स्लोव्हेन लोकांना स्वतःचे स्वतंत्र राज्य असे जवळजवळ नव्हतेच. शतकानुशतके ते हॅब्सबुर्ग साम्राज्याचे प्रजाजन होते, १९१८ नंतर युगोस्लाव्ह राज्याचे घटक झाले, आणि १९४१ मध्ये जर्मनी, इटली व हंगेरी यांनी त्यांची भूमी आपसांत वाटून घेतली. राज्य नव्हते, तेव्हा भाषेनेच राज्याचे काम केले. प्रिमोझ त्रुबार या धर्मसुधारकाने १५५० साली या भाषेतील पहिली छापील पुस्तके काढली. आज तो एक युरोच्या नाण्यावर आहे. दोन युरोच्या नाण्यावर कवी फ्रांत्से प्रेशेरेन आहे. त्याची पुण्यतिथी, ८ फेब्रुवारी, ही राष्ट्रीय सुट्टी आहे. सेनापतींऐवजी कवी आणि पहिले पुस्तक काढणारा माणूस नाण्यांवर असणारे देश फार नसतील. दहा सेंटच्या नाण्यावर तर वास्तुशिल्पी योझे प्लेच्निक याने आराखडा केलेले, पण कधीच न बांधलेले संसदभवन आहे. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, संस्कृतातील द्विवचन, जे आपल्या मराठीने केव्हाच टाकून दिले, ते या भाषेत अद्याप नांदते आहे. दोघांनी केलेल्या कामाचे क्रियापद एकाच्या आणि अनेकांच्या क्रियापदाहून वेगळे चालते.

दुसरी ध्यानात येणारी गोष्ट शहराच्या कडेने जाणारी पायवाट. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी इटालियन सैन्याने साऱ्या ल्युब्लियानाभोवती काटेरी तारेचे कुंपण घातले. शहरातील प्रतिकार चळवळीचा बाहेरील डोंगरांतल्या सशस्त्र पथकांशी असलेला संबंध तोडावयाचा, हा हेतू. इटलीने शस्त्रे खाली ठेविल्यावर जर्मनांनी तेच कुंपण पुढे चालविले. ९ मे १९४५ रोजी शहर मुक्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे ११७० दिवस, अख्खी राजधानी तारेच्या आत होती. त्या तारेच्या मार्गावरून आज चौतीस-पस्तीस किलोमीटरची झाडे लावलेली वाट जाते आणि दरवर्षी मे महिन्यात हजारो नागरिक ती चालतात. इतर दिवशी तेथे म्हातारी माणसे आणि कुत्री फिरावयास येतात. इतिहासाचे स्मारक म्हणून उभारलेली वस्तू रोजच्या वापरात असावी, ही गोष्ट लहान नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे. आपल्याकडील समाजवाद्यांना एके काळी युगोस्लाव्हियाविषयी मोठे कुतूहल होते. १९५३ च्या जानेवारीत रंगून येथे आशियाई समाजवादी परिषद भरली तेव्हा युगोस्लाव्ह पाहुणे तेथे हजर होते. मॉस्कोचे जू झुगारलेला, कारखाना सरकारी खात्याच्या हाती न देता कामगार परिषदेच्या हाती देऊ पाहणारा असा हा देश. १९५० चा स्वयंव्यवस्थापनाचा कायदा, १९७४ ची राज्यघटना आणि १९७६ चा संघटित श्रमाचा कायदा हे या प्रयोगाचे टप्पे. त्याचा प्रमुख सिद्धांतकार एडवर्ड कार्देल हा ल्युब्लियानाचाच, शिक्षक होण्यासाठी शिकलेला. या प्रयोगाचे दोष उघड होते. पक्षाची मक्तेदारी अबाधित होती, सभा उदंड होत, आणि कायद्याची भाषा इतकी गुंतागुंतीची होती की ज्यांच्यासाठी तो केला त्यांनाही तो उमगत नसे. १९८० च्या दशकात कर्ज आणि भाववाढ यांनी सारा डोलारा खिळखिळा केला. स्लोव्हेनिया हे त्यातले सर्वांत सधन घटकराज्य; लोकसंख्येत सुमारे आठ टक्के आणि उत्पन्नात निदान सहावा हिस्सा. २३ डिसेंबर १९९० च्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ८८ टक्क्यांहून अधिकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, २५ जून १९९१ रोजी घोषणा झाली, आणि दहा दिवसांच्या चकमकीनंतर युगोस्लाव्ह सैन्य मागे हटू लागले.

त्या धामधुमीत एक वाद झाला, आणि तो या देशाच्या पुढील तीस वर्षांना पुरला. सामाजिक मालकीच्या कारखान्यांचे करावयाचे काय? कायद्याने ते सरकारचेही नव्हते आणि कामगारांचेही नव्हते. ते 'समाजाचे' होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांचा सल्ला असा की सर्व मालमत्ता प्रथम सरकारने ताब्यात घ्यावी आणि मग प्रमाणपत्रांद्वारे झटपट वाटून टाकावी. त्या वेळचे उपपंतप्रधान आणि अर्थशास्त्राचे अध्यापक योझे मेंत्सिंगर यांचे म्हणणे उलट होते. प्रत्येक कारखान्याची स्थिती निराळी, तेथील माणसे आपला कारखाना जाणतात, तेव्हा हे काम सावकाश आणि खालून व्हावे. मंत्रिमंडळ दुसऱ्या बाजूला झुकले तेव्हा मेंत्सिंगर यांनी १९९१ च्या वसंतात राजीनामा दिला. गंमत अशी की माणूस गेला, पण त्याचे म्हणणे बरेचसे टिकले. वाद चालूच राहिला, आणि कायदा मंजूर होण्यास १९९२ चा नोव्हेंबर उजाडला. त्या कायद्यात समभागांपैकी वीस टक्के निवृत्तिवेतन व नुकसानभरपाईच्या सार्वजनिक निधींना, वीस टक्के गुंतवणूक निधींना, वीस टक्के कामगारांना प्रमाणपत्रांच्या मोबदल्यात, आणि उरलेले चाळीस टक्के कामगारांना सवलतीने विकत घेता येतील अशी तरतूद होती. ज्या वर्षांत रशियात मूठभरांच्या हाती खाणी व तेलविहिरी गेल्या, त्याच वर्षांत हा देश तक्ते करीत आणि भांडत बसला होता. जगभरच्या तज्ज्ञांनी त्याला मंदगती ठरविले. आजही युरोपातील सर्वांत कमी विषमता असलेल्या मोजक्या देशांत त्याची गणना होते.

हे केवळ कायद्याने झाले नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे संपांची लाट आली. १९९३ च्या कायद्याने कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात कामगार प्रतिनिधींना निदान एक तृतीयांश जागा मिळाल्या. १९९४ मध्ये सरकार, मालक आणि संघटना यांची त्रिपक्षीय परिषद उभी राहिली. सल्लामसलतीची सवय लागलेला कामगार नुसत्या आदेशाने हलत नाही. २००५ मध्ये सरकारने सर्वांना एकाच दराने आयकर लावण्याचा घाट घातला, तेव्हा २६ नोव्हेंबरला ल्युब्लियानाच्या रस्त्यांवर हजारो माणसे उतरली, आणि ती योजना पुढल्या वर्षी गुंडाळावी लागली. काही दिवसांचा पाहुणा हे जाणू शकत नाही. पण राहणाऱ्याला त्याच्या खुणा रोज भेटतात. दुपारची अर्ध्या तासाची खाण्याची सुट्टी, 'मालित्सा', आठ तासांच्या कामातच धरली जाते. जेवणाचा आणि कामावर येण्याजाण्याचा खर्च मालकाने भरून द्यावयाचा असतो. उन्हाळी रजेसाठी 'रेग्रेस' नावाचा वार्षिक भत्ता, जो किमान वेतनाहून कमी असू शकत नाही, कायद्याने द्यावा लागतो. विद्यार्थ्यांना शहरातील साध्या खानावळींतून सरकारी अनुदानाने जेवण मिळते. आणि कामगार दिनाची सुट्टी एक नसून दोन दिवसांची, १ मे आणि २ मे. अशा गोष्टी जाहीरनाम्यात फार शोभत नाहीत, पण माणसाचा दिवस यांनीच बनतो.

तथापि स्लोव्हेनियाला आदर्श म्हणून भिंतीवर टांगण्याचे कारण नाही. सावकाश केलेले खाजगीकरणही शेवटी खाजगीकरणच. २००४ मध्ये युरोपीय संघ आणि २००७ मध्ये युरो आल्यानंतर स्वस्त कर्जांचा पूर आला, आणि कंपन्यांच्या व्यवस्थापकांनीच कर्जे काढून आपापल्या कंपन्या गिळण्याचे पेव फुटले. २००८ च्या मंदीने ती कर्जे बुडाली. २०१३ च्या डिसेंबरात सरकारला सुमारे तीन अब्ज युरो ओतून बँका सावराव्या लागल्या, आणि त्याची किंमत म्हणून देशातील सर्वांत मोठ्या बँकेचे तीन चतुर्थांश समभाग पुढे विकले गेले. लेक ही औषधकंपनी २००२ मध्येच नोव्हार्टिसकडे गेली होती. वेलेन्येची गोरेन्ये, जिच्या चुली आणि धुलाईयंत्रे सगळ्या युगोस्लाव्हियात घरोघरी होती, ती २०१८ मध्ये चिनी हायसेन्सच्या हाती गेली.

घरांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९९१ च्या गृहनिर्माण कायद्याने सामाजिक मालकीची घरे त्यांत राहणाऱ्यांना अत्यल्प किमतीत विकण्यात आली. त्या पिढीला ते वरदान ठरले. परिणाम असा की आज तीन चतुर्थांश कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात आणि सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे नाममात्र उरली आहेत. ल्युब्लियानात खोली शोधणाऱ्या तरुणाला, परगावाहून आलेल्या बांधकाम कामगाराला वा विद्यार्थ्याला वेतनाचा मोठा भाग भाड्यात घालावा लागतो, आणि भाडेकराराची नोंद करावयास पुष्कळ घरमालक राजी नसतात. एका पिढीला दिलेले दान पुढच्या पिढीच्या हक्काच्या साठ्यातून दिले गेले होते. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना हे फोडून सांगावयास नको.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी वेळीच शहाणपण दाखविले. नोव्हेंबर २०१६ मध्ये संसदेने एकही विरोधी मत न पडता पिण्याच्या पाण्याचा हक्क घटनेत घातला आणि पाणीपुरवठा नफ्याचा धंदा होऊ शकणार नाही असे ठरविले. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये जलस्रोतांच्या काठावरील बांधकामाचे नियम सैल करणारा कायदा सार्वमतास आला, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिकांनी तो फेटाळला.

परंतु जो लोकसमूह पाण्यासाठी असा एकवटतो, त्यानेच आपल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत काय केले, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर इतर युगोस्लाव्ह घटकराज्यांतून येऊन येथे स्थायिक झालेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करावयास सहा महिने देण्यात आले. सुमारे एक लाख सत्तर हजारांना ते मिळाले. ज्यांनी अर्ज केला नाही वा ज्यांचा नाकारला गेला, त्यांची नावे २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून गुपचूप काढून टाकण्यात आली. त्यांची संख्या २५,६७१. त्यांना 'इझब्रिसानी', म्हणजे पुसून टाकलेले, असे नाव पडले. त्यांत बोस्नियाहून आलेले बांधकाम मजूर होते, सर्बियातून आलेल्या कामगारांची इथेच जन्मलेली मुले होती. कोणाला पत्र नाही, सूचना नाही. एखाद्या साध्या कामासाठी कचेरीत गेलेल्या माणसाची ओळखपत्रे खिडकीवरचा कारकून मागून घेई आणि भोके पाडून निकामी करी. रहिवासाची नोंद गेली की नोकरी गेली, आरोग्यविमा गेला, निवृत्तिवेतन गेले. कामगार परिषदेत ज्यांच्या शेजारी बसून पंधरा-वीस वर्षे हात वर केला, त्यांच्यासाठी संघटनांनीही त्या वेळी आवाज उठविल्याचे दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. विषमता मोजण्याचे जे आकडे अभिमानाने सांगितले जातात, ते नोंदवहीत असलेल्यांच्या आधाराने काढलेले असतात. पंचवीस हजार माणसे वीस लाखांच्या देशात सव्वा टक्का होतात. तेवढ्या प्रमाणात महाराष्ट्रातील माणसे एका दिवसात यादीतून गेली, तर तो आकडा पंधरा लाखांच्या घरात जाईल.

देशाच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये हे कृत्य बेकायदा ठरविले. सरकारे टाळाटाळ करीत राहिली. हक्क परत देण्याविषयीचा एक कायदा ४ एप्रिल २००४ रोजी सार्वमतास गेला. तेव्हा एकतीस टक्के लोकच मतदानास आले, पण आलेल्यांपैकी सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी त्याविरुद्ध मत दिले. ज्या कवीच्या पुण्यतिथीला सुट्टी असते, त्याच्याच कवितेतील सर्व राष्ट्रांचे भले चिंतिणारे कडवे या देशाचे राष्ट्रगीत आहे. जून २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला दोषी धरले, त्यानंतरच्या वर्षी नुकसानभरपाईचा कायदा झाला, आणि पुसलेल्या प्रत्येक महिन्याचे पन्नास युरो असा दर ठरला. राष्ट्राध्यक्ष बोरुत पाहोर यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, घटनेला तीस वर्षे पुरी होत असताना. तोवर त्या यादीतील अनेकजण परदेशांत विखुरले होते, आणि कित्येक हयातच नव्हते.