वयाच्या रकान्यात ‘वीस’

उपकेंद्रात गरोदरपणाची नोंद करायला आलेल्या मुलीला परिचारिका वय विचारते, तेव्हा अनेकदा उत्तर सासूच देते, ‘विसावं चालू आहे, सिस्टर.’ आधार कार्ड माहेरी राहिलेले असते. चेहरा सोळा-सतराचा दिसतो, पण टॅबवर वीस पडते आणि पुढचे पान उघडते.

या खोट्याला कारण आहे. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठराखालील मुलीच्या गर्भारपणाची खबर पोलिसांना द्यावी लागते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पत्नी अठराखालची असेल तर तो बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. नवऱ्याला अटक होईल या धास्तीने घरचे वय वाढवतात, नाहीतर तपासणीलाच आणत नाहीत.

हे प्रमाण किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले.

या वयात मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते. अन्न, लोह, कॅल्शियम यांसाठी तिचे शरीर आणि गर्भ यांच्यात ओढाताण होते. त्यात रक्तक्षय, वाढता रक्तदाब आणि उशिरा झालेली नोंदणी. बाळ दिवस भरण्याआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो तो यामुळे. हा धोका आधी कळला तर करता येण्यासारखे पुष्कळ असते : लोहाच्या गोळ्या, वारंवार तपासणी, नवजात शिशू कक्ष असलेल्या रुग्णालयात प्रसूती आणि जन्मताच बाळाला आईच्या छातीशी, उघड्या त्वचेला लावून ठेवणे.

म्हणूनच अतिजोखमीच्या खुणांत कोवळे वय असते. पण यंत्राला वीस सांगितले की ती खूण उमटत नाही. उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर मुलगी निदान त्या कारणाने नजरेत येते. उंची दीडशे, हिमोग्लोबिन नऊ असलेली सतरा वर्षांची मुलगी मात्र यादीत साधारण गरोदर बाई म्हणून राहते. (बाळाच्या वजनाचेही तेच. नोंदवह्यांत नेमक्या २.५ किलोची बाळे शंका यावी इतकी सापडतात. काटा डिजिटल असला तरी आकडा माणूसच लिहितो.)

दोष परिचारिकेवर ढकलणे सोपे आहे. खरी नोंद केली तर मुलगी पुन्हा येणार नाही, खोटी केली तर बाळाचा धोका झाकला जाईल, आणि दोन्ही वेळा लॉगिन तिच्याच नावाचे. वरिष्ठ विचारतात ते नोंदणी किती टक्के झाली एवढेच.

खबर देण्याचे बंधन सरसकट काढून टाकणेही धोक्याचे. जिच्यावर खरोखर जबरदस्ती झाली आहे, तिला तोच आधार असतो. मधली वाट न्यायालयानेच दाखवली आहे. सप्टेंबर २०२२ च्या निकालात, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे म्हटले आहे. गर्भ ठेवणाऱ्या मुलीलाही हे संरक्षण स्पष्टपणे मिळायला हवे. आणि टॅबवरची खरी जन्मतारीख उपचार करणाऱ्यांपलीकडे कोणाला दिसेल, हे सिस्टरला त्या सासूसमोर खात्रीने सांगता आले पाहिजे. आज ती ते सांगू शकत नाही.